उन्हाळा, जांभा आणि साडेचारशेचा टायर

मार्च संपत आला की आपल्या होस्टेलमध्ये तीन गोष्टी हमखास होतात. मेसच्या ताकात ताक कमी आणि पाणी जास्त दिसू लागतं. सबमिशनच्या तारखा नोटिसबोर्डावर झळकतात. आणि पार्किंगच्या कोपऱ्यात वर्षभर धूळ खात पडलेल्या सायकली बाहेर निघतात! कुणाला श्रीवर्धनला जायचं असतं, कुणाला हरिहरेश्वरला, तर कुणाला नुसतंच मागच्या डोंगरावरच्या लाल वाटेने तासभर भटकून यायचं असतं. मग एकमेकांना विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यार, टायर कुठला टाकू? स्वस्तात सांग!"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षांपूर्वी एकाला दिलं होतं. चुकीचं दिलं होतं. त्याची किंमत मी नाही, त्याने चुकवली. तेव्हापासून टायर या विषयावर जे वाचलं, जे स्वतः करून पाहिलं, ते सगळं एकदा लिहून काढायचं मनात होतं. मासिकाच्या निमित्ताने ते होतंय.

आधी ती गोष्ट

माझ्या रूम पार्टनरकडे साधी सव्वीस इंची माउंटन बाइक होती. मागचा टायर पार गोटा झालेला, पुढचा बऱ्यापैकी झिजलेला. खिशात पैसे एकाच टायरचे. मी तेव्हा सेकंड इयरला होतो, त्यामुळे मला सगळंच कळत होतं! मी म्हणालो, "पेडलचा जोर मागच्या चाकावर, वजन मागच्या चाकावर, पंक्चर होतं तेही मागचंच. नवा टायर मागे टाक, पुढे जुना चालून जाईल." त्याने ऐकलं.

एप्रिलमधला शनिवार होता. पहाटे निघून माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन गाठलं. तिथून आरावी, शेखाडीच्या रस्त्याने दिवेआगरकडे निघालो. ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना सांगायला नको, डाव्या हाताला समुद्र चिकटून चालत असतो. मध्येच उजवीकडे डोंगरावर चढणारी एक लाल वाट दिसली आणि आम्ही सायकली वर घातल्या. चढताना काहीच झालं नाही. नव्या मागच्या टायरने झकास पकड घेतली. उतरताना एका वळणावर जांभ्यावर बारीक खडी पसरली होती. त्याचं पुढचं चाक तिथे सटकलं आणि तो हातावर पडला. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, उजव्या हाताला. ड्रॉइंगचा पेपर तीन आठवड्यांवर होता.

विषय राहिला. घरी काय सांगितलं, किती बोलणी खाल्ली, ते तो कधी बोलला नाही. मला तर एका शब्दाने काही म्हणाला नाही. पण माझं मलाच कळत होतं.

आता त्यातलं मेकॅनिक्स बघू, कारण ते आपण सगळे फर्स्ट इयरला शिकलेलो आहोत. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं. उतारावर ते आधीच पुढे आलेलं असतं. म्हणजे नेमकं धोक्याच्या क्षणी, उतारावर, ब्रेक दाबत वळताना, बरंचसं काम पुढचा टायर करत असतो. शिवाय दिशा ठरवतो तोही पुढचाच. मागचं चाक घसरलं तर सायकलचा मागचा भाग आडवा होतो, पण पाय टेकवून किंवा हँडल वळवून बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, माणूस थेट जमिनीवर!

म्हणून पहिला नियम पाठ करा. चांगला टायर पुढे. पैसे एकाच टायरचे असतील तर नवा टायर पुढे घालायचा, पुढचा जुना मागे टाकायचा आणि मागचा गोटा झालेला काढून टाकायचा. मागचा लवकर झिजतो हे खरंच आहे. पण तो झिजून झिजून काय करेल, फार तर चढाला चाक गरकन फिरेल. आपण उतरून ढकलू!

"सव्वीसचा द्या" असं कधीही म्हणू नका

दुसरी फजिती माझी स्वतःची. दुकानात जाऊन मी ऐटीत म्हणालो, "सव्वीसचा टायर द्या." दुकानदाराने दिला. शेजारी धरून पाहिला तर माझ्या चाकाएवढाच. होस्टेलवर येऊन बसवायला गेलो तर रिमवर ढिला, बांगडीसारखा फिरतोय! टायरवर लिहिलं होतं २६ × १ ३/८. माझ्या जुन्या टायरवर होतं २६ × १.९५. मला वाटलं, जाडीचाच काय तो फरक असेल.

इथे खरी गंमत आहे. टायरचं २६, २८ हे नाव जुन्या काळापासून चाकाच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेलं आहे. रिमवर टायरची तार जिथे बसते तो व्यास वेगळाच असतो, आणि बसतो की नाही हे तोच ठरवतो. हिशोब करून पाहा :

२६ × १ ३/८ : तारेचा व्यास ५९० मि.मी., अधिक दोन्हीकडे ३५-३५ मि.मी. जाडी, एकूण ६६०.

२६ × १ १/२ : ५८४ अधिक ३८-३८, एकूण ६६०.

२६ × १.९५ : ५५९ अधिक ५०-५०, एकूण ६५९.

तिघांचीही बेरीज जवळपास ६६० मि.मी., म्हणजेच २६ इंच. दुकानात शेजारी धरल्यावर सारखे दिसणारच! पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचं २८ × १ १/२ हे चाक असतं ६३५ मि.मी.चं. तिथेही ६३५ अधिक ३८-३८ म्हणजे ७११, बरोबर २८ इंच.

दशांशातला आकडा (१.९५, २.१०) आणि अपूर्णांकातला आकडा (१ ३/८, १ १/२) यांच्यातला फरकही असाच इतिहासातून आलाय. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये फुगीर बलून टायरच्या सायकली आणल्या, त्यांचं माप २६ × २.१२५ होतं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमधली काही पोरं याच जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन भन्नाट वेगाने खाली सोडायची. त्यातून माउंटन बाइक जन्मली. त्यामुळे तिच्याबरोबर ५५९चं रिमही आलं. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये क्रॉसकंट्री सायकलिंगचा समावेश झाला, तोवर ५५९ हेच माउंटन बाइकचं माप होऊन बसलं होतं. हल्लीच्या २७.५ इंची सायकलींचं माप ५८४ आणि २९ इंचींचं ६२२.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी जुन्या टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसा. तिथे ५०-५५९ किंवा ५४-५८४ असे दोन आकडे सापडतील. पहिला टायरची रुंदी, दुसरा तारेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडं पुढेमागे चालतं. जाड टायर घ्यायचा असेल तर फ्रेमच्या आणि फोर्कच्या आत दोन्ही बाजूंना निदान बोटभर जागा उरते का ते आधी बघा. आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून न्या आणि दुकानदाराला दाखवा. तो तुमच्याकडे आदराने बघेल ही गॅरंटी!

आपली जमीन कशी आहे?

पोस्टरमधल्या माउंटन बाइकला राक्षसाच्या दातांसारखे टायर असतात. ते पाहून आपल्यालाही वाटतं, तसेच हवेत. पण ते टायर ओल्या, मऊ मातीत दात रोवण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ओली माती आहे कुठे? माणगावपासून श्रीवर्धन, मुरुड, अलिबागपर्यंत एप्रिल-मेमध्ये चाकाखाली काय काय येतं ते एकदा नीट पाहू.

*डांबर.* मान्य करायला जड जातं, पण आपल्या 'क्रॉसकंट्री'तला निम्म्याहून जास्त भाग डांबरीच असतो. माणगावहून श्रीवर्धन पंचेचाळीसेक किलोमीटर. लाल वाट मिळेपर्यंत पाय डांबरावरच मोडतात. उंच नॉबचा टायर डांबरावर घूं-घूं आवाज करतो, प्रत्येक नॉब वाकतो आणि सरळ होतो, आणि त्यात आपली ताकद वाया जाते. शिवाय मधले नॉब भराभर झिजतात.

*उघडा कातळ.* कोरडा जांभा हा सँडपेपरसारखा खरखरीत असतो. त्याला दातांची गरजच नसते, गरज असते रबर जास्तीत जास्त टेकण्याची. उंच, विरळ नॉब इथे उलट वळणावर मुडपतात आणि चाक वळवळल्यासारखं वाटतं.

*कातळावरची खडी.* हाच खरा शत्रू. जांभा झिजून त्याच्या बारीक गोट्या होतात आणि कठीण कातळावर पसरतात, जणू बेअरिंगचे छरे! खाली कठीण असल्यामुळे नॉब रुततही नाहीत. इथे कामाला येतो तो रुंद टायर, बेताची हवा, आणि टायरच्या कडेला असलेले मध्यम उंचीचे नॉब. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वळणाच्या आधी ब्रेक मारून घेणं, वळणात नाही.

*फुफाटा.* बैलगाडीच्या आणि आता ट्रॅक्टरच्या चाकोरीत घोट्याएवढी धूळ साचते. रुंद टायर तरतो, अरुंद रुततो.

*पुळण.* दिवेआगर, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली वाळू इतकी टणक होते की कुठलाही टायर चालतो. कोरड्या वाळूत कुठलाच चालत नाही, उतरा आणि ढकला. एक विनंती. दिवेआगर, मारळ, हरिहरेश्वर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उन्हाळ्यापर्यंत बाहेर पडत असतात. घरटी भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत असतात. म्हणून सायकल पाण्याजवळच ठेवा. आणि परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारं पाणी चेन, स्पोक सगळं खाऊन टाकतं.

*काटे.* आंब्या-काजूच्या वाड्यांना उन्हाळ्यात काटेरी फांद्यांची कुंपणं घालतात. त्यातले काटे वाटेवर पडतात. बाभळीचा काटा टायरचा ब्रँड बघत नाही!

या सगळ्याचा मेळ घातला तर आपल्याला हवा तो टायर असा : रुंदी २ इंचांच्या आसपास, मधली नक्षी बुटकी आणि एकमेकांना लागून, कडेचे नॉब जरा उंच. पुढच्या टायरचे कडेचे नॉब थोडे अधिक ठळक असले तर उत्तम. आणि आनंदाची बातमी म्हणजे असाच टायर सगळ्यात स्वस्त मिळतो. राक्षसी दातांना लोक जास्त पैसे मोजतात.

स्वस्त आणि महाग यात फरक काय?

टायर म्हणजे नुसतं रबर नाही. आत नायलॉनच्या धाग्यांचं कापड असतं. त्याला एका इंचात किती धागे, यावरून तो आकडा ठरतो. साध्या टायरमध्ये तीसच्या आसपास, चांगल्यात ६०, रेसच्या टायरमध्ये १२०. धागे जास्त म्हणजे ते बारीक, कापड लवचीक, टायर हलका आणि पळायला सोपा. कमी धाग्यांचं कापड जाड, जड आणि आडमुठं.

दुसरा फरक कडेचा. स्वस्त टायरच्या कडेत पोलादी तार असते, महागड्यात केव्हलरसारखा धागा. त्यामुळे महागडा टायर घडी करून बॅगेत टाकता येतो आणि वजनही थोडं वाचतं. तिसरा फरक रबराचा. मऊ रबर चिकटून धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण घसरतं.

आता व्यवहाराचं बोलू. आपली सायकल पंधरा-सोळा किलोची, तिच्यावर आपण आणि पाण्याच्या बाटल्या. टायरमागे दीड-दोनशे ग्रॅम वाचवून आपल्याला काय मिळणार? तेवढं वजन तर मेसमधली एक पोळी कमी खाऊनही वाचतं! उलट जाड कापडाचा जड टायर जांभ्याच्या धारदार कडांना आणि काट्यांना जास्त दाद देत नाही. मऊ, पातळ बाजूचा रेसचा टायर आपल्या कातळावर एका उन्हाळ्यात फाटू शकतो.

लुधियानाचे राल्सन, मेट्रो, हैदराबादचा हार्टेक्स असे आपल्याकडे बनणारे तारेचे टायर तालुक्याच्या गावीही मिळतात. मी मागच्या उन्हाळ्यात घेतलेला २६ × २.१० टायर साडेचारशेला पडला. २७.५ आणि २९ला याहून जास्त मोजावे लागतात. परदेशी घडीचा टायर घ्यायचा तर एका टायरचे दोन-तीन हजार सहज जातात. दोन टायर म्हणजे मेसच्या बिलाला हात! ट्यूबलेसचं वेड सध्या बरंच आहे, पण त्याला योग्य रिम, वेगळा वॉल आणि दर काही महिन्यांनी बदलायचं द्रावण लागतं. होस्टेलच्या पोराने त्या फंदात पडू नये असं माझं मत.

दुकानात चार गोष्टी तपासा. बाजू दुमडून पाहा, बारीक भेगा दिसल्या तर माल जुना आहे, परत द्या. नॉबमध्ये नख रोवा, जराही रुतत नसेल तर रबर वाळलंय किंवा फारच कडक आहे. आतून हात फिरवा, कापडाचे धागे सुटलेले नकोत. आणि बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे का ते बघून ठेवा, बसवताना लागतो.

फुकटात मिळणारी सुधारणा : हवा

सगळ्या लेखात एकच परिच्छेद वाचणार असाल तर हा वाचा. महागड्या टायरने जो फरक पडतो त्याहून मोठा फरक योग्य हवेने पडतो, आणि हवा फुकट आहे.

टायर जमिनीला जेवढ्या भागावर टेकतो, तो भाग गुणिले आतला दाब म्हणजे साधारण त्या चाकावरचं वजन. साठ किलोचा मुलगा, सोळा किलोची सायकल, चार किलोची पाठपिशवी, एकूण ८० किलो. त्यातलं साठ टक्के मागे धरलं तर ४८ किलो, म्हणजे सुमारे ४७१ न्यूटन. हवा ६० पीएसआय असेल तर टेकणारा भाग सुमारे साडेअकरा चौरस सेंटिमीटर. हवा ३५ पीएसआयवर आणली की तोच भाग साडेएकोणीस होतो! टायर तोच, रबर तेच, आणि टेकणारं रबर जवळजवळ पावणेदोन पट.

आपली सवय काय? अंगठ्याने दाबून "दगड" झाला पाहिजे. तसा दगडी टायर जांभ्यावर प्रत्येक खड्यावरून उसळतो. उसळताना तो जमिनीवर नसतो, आणि जमिनीवर नसलेल्या टायरला पकड कसली? खडबडीत वाटेवर बेताच्या हवेचा टायर खडा पोटात घेतो आणि पुढे सरकतो, त्यामुळे दमही कमी लागतो. डांबरावर मात्र थोडी जास्त हवा फायद्याची.

माझा अंदाज असा : २ इंची टायर, साठ किलोच्या आतबाहेरचा माणूस, तर पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआय. वजन जास्त असेल त्या प्रमाणात वाढवा. दगडावर आपटून रिमचा खट्ट आवाज आला तर हवा कमी आहे, चारेक पीएसआय वाढवा. टायरच्या बाजूवर कमाल आणि कधीकधी किमान दाब लिहिलेला असतो, त्या मर्यादेत राहा.

मोजायचं कसं? माउंटन बाइकच्या ट्यूबला बहुधा मोटारसायकलसारखा वॉल असतो, त्यावर साधं गेज चालतं. चार मुलांनी मिळून एक घेतलं तर माणशी पन्नास-साठ रुपये. जुन्या काळ्या सायकलीच्या वॉलवर मात्र गेज नीट दाखवत नाही. पेट्रोल पंपावर भरत असाल तर एकदम कळ दाबून धरू नका. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती! टप्प्याटप्प्याने भरा आणि प्रत्येक वेळी मोजा.

उन्हात टायर फुटतो का?

वॉचमन काकांपासून ते आमच्या वर्कशॉपच्या सरांपर्यंत सगळे सांगतात : "उन्हाळ्यात हवा कमी ठेव, नाहीतर फुटेल." आपल्या जिल्ह्याचं ऊन साधं नाही हे खरं. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली होती. किनाऱ्यावर अलिबाग, मुरुडला पारा तेवढा चढत नाही, पण घाम काढायला तो पुरेसा असतो.

पण हिशोब करा. सकाळी २७ अंशांना ४० पीएसआय हवा भरली. गेजवरच्या दाबात वातावरणाचे १४.७ मिळवले की खरा दाब ५४.७. दुपारी टायर तापून ५७ अंशांवर गेला असं धरू. केल्विनमध्ये ३००चे ३३० झाले, म्हणजे दहा टक्के वाढ. ५४.७चे ६०.२, त्यातून १४.७ वजा, गेजवर साडेपंचेचाळीस. वाढ झाली जेमतेम साडेपाच पीएसआय! तेवढ्याने धडका टायर फुटत नाही.

मग फुटतो तो कुठला? ज्याची बाजू आधीच तडकलेली असते, ज्याची तार रिमवर नीट बसलेली नसते, किंवा ज्यात कमाल मर्यादेपर्यंत ठासून हवा भरलेली असते तो. ऊन फक्त शेवटचा धक्का देतं. तडका येतात त्या आपल्या हलगर्जीपणामुळे. सुट्टीत घरी जाताना आपण सायकल पार्किंगच्या उन्हात, हवा गेलेल्या टायरवर उभी करून जातो. सगळं वजन एकाच दुमडलेल्या जागेवर, वर दिवसभर ऊन. जूनमध्ये परत येतो तेव्हा बाजू फाटलेली असते आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. यंदा जाताना हवा भरा आणि सायकल जिन्याखाली सावलीत उलटी ठेवून जा. रेक्टर सरांची परवानगी काढा, ते नाही म्हणत नाहीत.

बसवताना

टायर काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, ट्यूब हमखास चिमटते. प्लॅस्टिकचे लिव्हर स्वस्त मिळतात. मेसचे चमचेही चालतात, पण मेसवाले काका चमचे मोजून घेतात हे लक्षात ठेवा! रिमच्या आतली पट्टी जागेवर आहे ना ते पाहा, नाहीतर स्पोकची टोकं ट्यूबला आतून भोकं पाडतात. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा तिथेच राहिला असेल तर फडक्याला अडकेल, बोटाला नाही. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मग टायर बसवा, म्हणजे पीळ पडत नाही. शेवटी चाक फिरवून पाहा. टायर एका जागी वर-खाली होत असेल तर तार नीट बसलेली नाही.

बाहेर पडताना एक जास्तीची ट्यूब, पॅच, सोल्यूशन, पंप, दोन बाटल्या पाणी आणि हेल्मेट. फणसाडसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय सायकल घालू नका. आणि ऊन डोक्यावर यायच्या आत, दहापर्यंत सावली गाठा.

एक सूचना जाता जाता. हे सगळं उन्हाळ्यापुरतं. पावसाळा लागला की याच जांभ्यावर शेवाळ धरतं आणि लाल चिखल बुटक्या नक्षीत बसून टायर पुन्हा गोटा होतो. तेव्हा पाऊस सुरू झाल्यावर डोंगर विसरा, डांबरावर राहा.

शेवटी

माझ्या पार्टनरने तो राहिलेला विषय पुढच्या वेळी काढला. दोन उन्हाळे त्याने सायकलला हात लावला नव्हता. मीही कधी विषय काढला नाही. यंदा मार्चमध्ये एका संध्याकाळी लॅबमधून आलो, तर तो पार्किंगमध्ये सायकल उलटी करून बसलेला. शेजारी नवा टायर, माझं गेज आणि मेसचे दोन चमचे. पुढचं चाक काढलेलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "या वेळी तुला विचारणार नव्हतो." आणि मग हसून, "ये, धर जरा इकडून, तार बसत नाहीये."

मी धरली. पुढे तीस, मागे पस्तीस हवा भरली. परवा रविवारी श्रीवर्धनला जाऊन आलो. लाल वाटेच्या त्या वळणावर दोघांनीही वळणाच्या आधीच ब्रेक मारले.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल